पावसाच्या नकाशासाठी स्वतःचा कलरमॅप: मॅटप्लॉटलिबमध्ये तो टप्प्याटप्प्याने कसा बांधायचा

स्वतःचा कलरमॅप, म्हणजे आकड्यांना रंग देणारी पट्टी, करायला बसलेला माणूस सहसा आधी रंग निवडतो. इकडून-तिकडून मनासारख्या छटा उचलतो, त्यांची यादी करतो, नकाशा काढतो आणि मग कोकणातला मुसळधार पाऊस आणि मराठवाड्यातली भुरभुर एकाच रंगात का दिसतेय म्हणून डोकं खाजवत बसतो. रंगांचा त्यात फारसा दोष नसतो. कुठल्या आकड्याला कुठला रंग, हेच आधी ठरलेलं नसतं.

खालची पद्धत पायथन आणि त्यातली आलेख काढायची लायब्ररी मॅटप्लॉटलिब यांच्यासाठी आहे, आवृत्ती ३.५ किंवा नंतरची धरली आहे. उदाहरण म्हणून महाराष्ट्र आणि गोव्यात एका दिवसात पडलेला पाऊस घेतला आहे, मिलिमीटरमध्ये. तुमच्याकडे तापमान असो, भूजल पातळी असो वा सूक्ष्मदर्शकातली प्रतिमा, क्रम हाच ठेवा. फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, कोडमध्ये अर्थातच मूळ स्पेलिंग.

## सुरुवातीआधी: नॉर्म वेगळा, कलरमॅप वेगळा

आकड्यापासून रंगापर्यंत जायला मॅटप्लॉटलिब दोन पायऱ्या चढतं. पहिली पायरी नॉर्म. तो ७२ मिमी हा आकडा घेतो आणि पट्टीवरची त्याची जागा सांगतो: ० ते १ मधला अपूर्णांक किंवा थेट रंगाचा क्रमांक. दुसरी पायरी कलरमॅप. तो फक्त जागा बघतो आणि रंग देतो. मिलिमीटर म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नसतं.

‘कलरमॅप बदलून बदलून थकलो, नकाशा तसाच फिका’ ही तक्रार जवळपास नेहमी नॉर्मची असते. नॉर्म आपण दिला नाही तर मॅटप्लॉटलिब डेटातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा घेऊन मधलं अंतर समान वाटून टाकतं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. तो दिवस असा आपोआप रंगवला तर ६० मिमी झालेला तालुका पट्टीच्या पहिल्या सात टक्क्यांत जाऊन बसतो, म्हणजे जवळपास कोरडा दिसतो. इथे रंग कितीही बदला, काही फरक पडायचा नाही.

## १. नकाशा कुठला प्रश्न सोडवणार ते ठरवा

एका दिशेने वाढणारी राशी असेल, जसं पावसाचं प्रमाण, तर फिक्याकडून गडदकडे जाणारी एकच चढण लागते. मध्यबिंदूच्या दोन बाजू असतील, जसं सरासरीपेक्षा जास्त आणि कमी, तर मध्ये फिका आणि दोन्ही टोकांना वेगवेगळे गडद रंग. नुसते प्रकार असतील, जसं जंगल, शेती, वस्ती, तर एकमेकांपासून सहज ओळखू येणारे सुटे रंग, ज्यांत कुठलाही चढउतार जाणवता कामा नये.

दुसरा निर्णय: रंग सलग हवा की टप्प्यांचा? माझं मत स्पष्ट आहे. नकाशा बघून कोणी काही ठरवणार असेल तर टप्पे करा. सलग रंगावरून ‘इथे नेमका किती’ हे कलरबारशी, म्हणजे नकाशाशेजारच्या रंगांच्या पट्टीशी, ताडून सांगणं माणसाच्या डोळ्याला जमत नाही. सहा-सात टप्पे असतील तर जमतं. सलग रंग उपयोगी पडतो तो स्वतःसाठी डेटा चाळताना, किंवा आकड्यांपेक्षा आकार महत्त्वाचा असतो तेव्हा.

आपल्या उदाहरणात एका दिशेची राशी आहे आणि टप्पे हवे आहेत.

## २. डेटा साफ करा, आणि त्याच क्रमाने

भारतीय हवामान विभागाच्या ०.२५ अंशी जाळीच्या दैनंदिन पावसाच्या फाइलींत जिथे नोंद नाही तिथे −९९९ असतो. समुद्र, शेजारचे देश, सगळं −९९९. फाइल वाचणाऱ्या लायब्ररीने तो काढून टाकला असेल असं गृहीत धरू नका.

क्रम असा:

अ. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा छापून बघा. सर्वांत लहान −९९९ आला तर सफाई अजून व्हायची आहे.

आ. नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीतल्या ‘व्हेअर’ने −९०० पेक्षा कमी असलेल्या प्रत्येक जागी ‘नॅन’ (इथे आकडा नाही अशी खूण) टाका.

इ. त्यानंतरच ऋण आकडे शून्यावर आणा. मॉडेलच्या पावसात कधीकधी शून्याच्या किंचित खाली गेलेले आकडे सापडतात, गणिताचा गाळ असतो तो.

इशारा: ‘आ’ आणि ‘इ’ची अदलाबदल केली तर प्रत्येक −९९९ शून्य होतो आणि अरबी समुद्रावर ‘पाऊस नाही’ अशी खोटी नोंद तयार होते. नकाशा दिसायला अगदी नीट दिसतो, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने पकडली जात नाही.

तपासा: आता ‘नॅनमिन’ (नॅन सोडून सर्वांत लहान आकडा) शून्य किंवा त्याहून जास्त आलं पाहिजे. डेटाचा प्रकार ‘फ्लोट३२’ आहे की ‘फ्लोट६४’, म्हणजे दशांश आकडे ३२ बिटांत साठवलेत की जास्त अचूक ६४ बिटांत, तेही आत्ताच बघून ठेवा. पुढच्याच टप्प्यात लागणार आहे.

## ३. सीमा ठरवा

सीमा विषयातून येतात, सॉफ्टवेअरच्या सोयीतून नाही. ०, ५०, १००, १५०, २०० अशा गोल आकड्यांचा मोह आवरा. हवामान विभागाची २४ तासांच्या पावसाची वर्गवारी तयार आहे: ०.१ ते २.४ मिमी अतिहलका, २.५ ते १५.५ हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अतिमुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. बातमीत ‘अतिमुसळधार’ वाचलेला माणूस नकाशात तोच शब्द शोधणार, तेव्हा तीच वर्गवारी ठेवा. महसूल खात्यासाठी नकाशा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मंडळात २४ तासांत ६५ मिमीच्या वर गेलं की अतिवृष्टी, आणि पुढचे पंचनामे त्यावर. मग सीमा ६५ चीच हवी, ६४.५ ची नाही.

आता एक बारकावा, ज्यावर बहुतेक जण घसरतात. टप्प्यांसाठीचा नॉर्म म्हणजे ‘बाउंडरीनॉर्म’. तो प्रत्येक टप्प्यात खालची सीमा धरतो आणि वरची सोडतो. म्हणजे सीमा ११५.६ दिली तर ११५.६ हा आकडा वरच्या टप्प्यात, अतिमुसळधारमध्ये गेला पाहिजे. पण हवामान विभागाच्या जाळीचे आकडे फ्लोट३२ मध्ये असतात, आणि ११५.६ हा आकडा फ्लोट३२ मध्ये नेमका मावत नाही, तो ११५.५९९९९८ असा साठवला जातो. सीमा मात्र फ्लोट६४ मध्ये असते. तुलना होते तेव्हा आकडा सीमेच्या केसभर खाली राहतो आणि अतिमुसळधार नोंद मुसळधारमध्ये पडते. १५.६ च्या बाबतीत हे होत नाही, कारण तो साठवताना किंचित वर सरकतो. त्यामुळे चूक एकाच सीमेवर दिसते आणि शोधणारा चक्रावतो.

उपाय सोपा आहे. नोंदी एका दशांशाच्या असतील तर सीमा दोन नोंदींच्या मधोमध ठेवा. आपली यादी अशी होईल:

०, ०.०५, २.४५, १५.५५, ६४.४५, ११५.५५, २०४.४५

सात सीमा, म्हणजे सहा टप्पे. पहिला टप्पा कोरड्या दिवसाचा. २०४.४५ च्या वरचं सगळं ‘ओव्हर’मध्ये, म्हणजे शेवटच्या सीमेपलीकडच्या भागात, जाईल, त्याला वेगळा रंग देऊ.

तपासा: टप्पे नेहमी सीमांपेक्षा एकने कमी. रंगांची यादी करताना हा हिशेब चुकला की पुढे एकतर त्रुटी येते किंवा, त्याहून वाईट, येत नाही.

## ४. आता रंग

इथे एकच कसोटी सगळ्यांत वर ठेवा: उजळपणा. डोळा राशीचा चढ रंगाच्या नावावरून ओळखत नाही, उजळपणावरून ओळखतो. निळा, हिरवा, पिवळा, लाल यांतला ‘मोठा’ कोण याचं उत्तर डोळ्याकडे नसतं. गडद आणि फिका यांतलं असतं.

उजळपणा मोजायला सीआयई लॅब ही रंगपद्धत वापरतात. तिच्यात शुद्ध काळा ० आणि शुद्ध पांढरा १००. पडद्यावरचा शुद्ध निळा ३२ वर येतो, शुद्ध लाल ५३ वर, हिरवा ८८ वर, आकाशी ९१ वर आणि पिवळा ९७ वर. आता जुना ‘जेट’ कलरमॅप आठवा: निळा, आकाशी, हिरवट, पिवळा, लाल. उजळपणा तळातून चढतो, आकाशी आणि पिवळ्याशी लख्ख होतो आणि लालकडे पुन्हा कोसळतो. म्हणून जेटमध्ये मधल्याच आकड्यांवर चकाकणारे पट्टे दिसतात, जे डेटात नसतातच. स्वतः इंद्रधनुष्य जोडलंत तरी हेच होणार.

आपल्या पावसासाठी कलरब्रूअर या नकाशांसाठीच्या तयार रंगसंग्रहातल्या पिवळा-हिरवा-निळा या कुटुंबातले सहा रंग घेऊ, आणि कोरड्यासाठी पांढरा. लाल, हिरवा, निळा या क्रमाने, ० ते २५५ मध्ये:

- कोरडे: २५५, २५५, २५५
- अतिहलका: २५५, २५५, २०४
- हलका: १९९, २३३, १८०
- मध्यम: १२७, २०५, १८७
- मुसळधार: ६५, १८२, १९६
- अतिमुसळधार: ४४, १२७, १८४
- अत्यंत मुसळधार: ३७, ५२, १४८

उजळपणा साधारण १००, ९९, ८९, ७७, ६८, ५१, २७ असा सतत उतरतो. शेवटच्या दोन पायऱ्या मोठ्या आहेत आणि ते बरंच आहे, लक्ष तिकडेच जायला हवं. पहिल्या दोनांत मात्र जेमतेम फरक आहे. कोरडे आणि अतिहलका काळ्या-पांढऱ्या छपाईत एकच दिसतील. मला ते चालतं, कारण दोन मिमी पावसाने कोणाचंच काही ठरत नाही. पेरणीच्या सुरुवातीचा नकाशा असेल आणि ‘पाऊस पडला की नाही’ हाच प्रश्न असेल, तर अतिहलक्याला थोडा गडद रंग द्या आणि बाकीचे त्याच मापाने खाली सरकवा.

इशारा: मॅटप्लॉटलिबला रंगाचे घटक ० ते १ मध्ये हवेत. वरच्या प्रत्येक आकड्याला २५५ ने भागा. भागायला विसरलात तर त्रुटी येते, त्यामुळे ही चूक निदान लपत नाही.

इशारा: नोंद नसलेल्या जागेला पांढरा देऊ नका, तो आपण कोरड्या दिवसाला दिलाय. तिथे राखाडी टाका, १९० च्या आसपासचा. ‘पाऊस शून्य’ आणि ‘माहीत नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुष्काळाच्या चर्चेत हा फरक फार महाग पडतो.

## ५. कलरमॅप आणि नॉर्म बांधा

टप्प्यांच्या रंगांसाठी ‘लिस्टेडकलरमॅप’. त्याला पहिले सहा रंग द्या, कोरड्यापासून अतिमुसळधारपर्यंत. सातवा गडद निळा यादीत घालायचा नाही, तो वरच्या टोकाचा.

टोकांसाठी ‘विथ एक्स्ट्रीम्स’ वापरा आणि तीन गोष्टी सांगा. ‘ओव्हर’ला गडद निळा, ‘बॅड’ला (नोंद नसलेल्या जागेला) राखाडी, आणि ‘अंडर’ला (पहिल्या सीमेखालच्या आकड्यांना) झगझगीत गुलाबी: २५५, ०, २५५. ‘अंडर’चा रंग नकाशात कधीच दिसायला नको, कारण शून्याखाली पाऊस नसतो. म्हणूनच तो बोंब मारणारा ठेवायचा. एखादा −९९९ सफाईतून निसटला तर समुद्रभर गुलाबी पसरेल आणि ते लगेच तुमच्या नजरेत भरेल. आपोआप मिळणाऱ्या ‘अंडर’वर विसंबलात तर तो यादीतला पहिलाच रंग घेतो. इथे तो पांढरा आहे, म्हणजे चूक गुपचूप कोरड्यात मिसळली.

मग ‘बाउंडरीनॉर्म’: सीमांची सात जणांची यादी आणि ‘एनकलर्स’ला, म्हणजे रंगांच्या संख्येला, ६.

इथल्या तीन चुका मला पुन्हापुन्हा दिसतात.

पहिली: ‘एनकलर्स’ला सवयीने २५६ देणं. सहा रंगांच्या लिस्टेडकलरमॅपला मग नॉर्म ०, ५१, १०२ असे क्रमांक पाठवतो. पाचच्या पुढचा प्रत्येक क्रमांक कलरमॅप ‘ओव्हर’ समजतो. परिणाम काय, तर कोरडा भाग पांढरा आणि जिथे थेंबभरही पाऊस पडला तो सगळा प्रदेश गडद निळा. कोणतीही त्रुटी येत नाही.

दुसरी: ‘सेट ओव्हर’ या जुन्या पद्धतीचं उत्तर पुन्हा त्याच नावात साठवणं. ‘सेट ओव्हर’ जागेवरच बदल करतं आणि परत काहीच देत नाही. नावात ‘नन’ (पायथनचं ‘काहीच नाही’) बसतं, आणि कलरमॅप म्हणून ‘नन’ दिला की मॅटप्लॉटलिब निमूटपणे स्वतःचा ठरलेला जांभळा ते पिवळा कलरमॅप, विरिडिस, वापरतं. ‘विथ एक्स्ट्रीम्स’चं बरोबर उलट आहे: ते नवी प्रत परत देतं आणि मूळ तसंच ठेवतं, म्हणून तिथे उत्तर साठवलंच पाहिजे. दोन पद्धती एकाच फाइलमध्ये मिसळू नका.

तिसरी: काढताना नॉर्मही देणं आणि ‘व्हीमिन’, ‘व्हीमॅक्स’ही देणं. हद्द कोणी ठरवायची यावर दोघांचं भांडण होतं आणि त्रुटी येते. नॉर्म दिला की बाकीचे दोन काढून टाका.

### परीक्षापट्टी: हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका

खऱ्या डेटाकडे जाण्याआधी एका ओळीचा नकली डेटा करा, फ्लोट३२ मध्ये, आणि त्यात हे आकडे घाला: −९९९, नॅन, ०, ०.१, २.४, २.५, १५.५, १५.६, ६४.४, ६४.५, ११५.५, ११५.६, २०४.४, २०४.५, ९४४. हीच पट्टी तुमच्या कलरमॅप आणि नॉर्मने रंगवा.

डावीकडून दिसायला हवं ते असं: गुलाबी, राखाडी, पांढरा, मग अतिहलका, हलका, मध्यम, मुसळधार आणि अतिमुसळधार यांच्या प्रत्येकी दोन चौकटी, आणि शेवटी दोन गडद निळ्या. एक चौकट जरी शेजारच्या रंगात गेली तरी तिसऱ्या टप्प्याकडे परत जा. ही पट्टी कोडमध्ये कायमची ठेवा, पुढे कोणी सीमा बदलल्या तर तीच वाचवते.

## ६. नकाशा काढा

अक्षांश-रेखांशाच्या जाळीसाठी चौकटी रंगवणारं ‘पीकलरमेश’ हे फंक्शन बरं. प्रतिमा दाखवणारं ‘आयएमशो’ वापरायचंच असेल तर ‘इंटरपोलेशन’ला ‘नियरेस्ट’ द्या. नाहीतर प्रतिमा लहान-मोठी करताना शेजारच्या चौकटींची सरमिसळ होऊ शकते. पावसात ती खपून जाते. जमीनवापराच्या नकाशात मात्र जंगलाचा क्रमांक १, शेतीचा २ आणि वस्तीचा ३ असेल तर जंगल आणि वस्तीच्या सीमेवर सरासरी २ येते आणि तिथे शेतीची बारीक किनार उगवते.

‘अल्फा’ला हात लावू नका. खाली डोंगर-नद्यांचा नकाशा दिसावा म्हणून लोक रंग अर्धपारदर्शक करतात आणि मग सह्याद्रीच्या सावल्या रंगात मिसळून मध्यम पावसाचा मुसळधार होतो. कलरबारवरचा आणि नकाशातला रंग जुळायचा बंद होतो. जिल्ह्यांच्या सीमा वरून बारीक काळ्या रेघांनी काढा, पुरे आहे.

जून ते सप्टेंबर असे चार नकाशे शेजारी-शेजारी मांडायचे असतील तर चौघांना एकच नॉर्म द्या, तोच ऑब्जेक्ट, आणि कलरबारही एकच ठेवा. अर्थात मासिक पावसासाठी दैनंदिन सीमा चालणार नाहीत, त्या वेगळ्या ठरवाव्या लागतील.

## ७. कलरबार

‘एक्स्टेंड’ला ‘मॅक्स’ द्या, म्हणजे वरच्या टोकाला गडद निळा त्रिकोण येईल. ‘बोथ’ नको, खाली गुलाबी त्रिकोण दिसला की वाचक गोंधळेल. ‘स्पेसिंग’ ‘युनिफॉर्म’च राहू द्या. ‘प्रपोर्शनल’ केलं तर ०.०५ ते २.४५ चा टप्पा रेघेएवढा होतो आणि अर्धीअधिक पट्टी वरचे दोन टप्पेच खातात.

खुणा सीमांवर ठेवा, पण लेबलं हाताने लिहा: ०, ०.१, २.५, १५.६, ६४.५, ११५.६, २०४.५. ११५.५५ ही आपली आतली सोय आहे, वाचकाला ती दाखवायची गरज नाही.

देवनागरी लेबलांबद्दल एक गोष्ट. मॅटप्लॉटलिबच्या ठरावीक डेजाव्हू सान्स फाँटमध्ये देवनागरी नाही, म्हणून रिकाम्या चौकटी दिसतात. नोटो सान्स देवनागरी लावलात तरी अनेक आवृत्त्यांत ऱ्हस्व इकार चुकीच्या बाजूला जातो आणि जोडाक्षरं फुटतात, कारण अक्षरं जुळवण्याचं काम तिथे होतच नाही. अंक मात्र नीट येतात, त्यांना जुळवणी लागत नाही. तेव्हा प्लॉटमध्ये फक्त अंक ठेवा आणि ‘अतिमुसळधार’सारखे शब्द नंतर इंकस्केप या चित्रं संपादण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घाला, किंवा झीलाटेक या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरची सोय असेल तर ‘पीजीएफ’ बॅकएंडने काढा.

## ८. उजळपणाची आणि रंगांधळेपणाची तपासणी

डोळ्यावर विसंबू नका, मोजा. यादीतले सहा आणि ‘ओव्हर’चा सातवा असे सात रंग घ्या, पारदर्शकतेचा चौथा स्तंभ टाकून द्या, सायकिट-इमेज या लायब्ररीच्या ‘आरजीबी टू लॅब’मधून काढा आणि पहिला घटक बघा. लागोपाठच्या फरकांचं चिन्ह एकच आलं पाहिजे. मध्येच एखादा फरक उलट्या चिन्हाचा आला तर तो रंग बदला.

इशारा: कलरमॅपला थेट हाक मारताना पूर्णांक आणि अपूर्णांक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. २५६ रंगांच्या कलरमॅपला १ दिलात तर तो दुसऱ्या क्रमांकाचा रंग देतो, १.० दिलात तर शेवटचा. ‘चार रेषा काढल्या, चारही जांभळ्याच’ याचं कारण हेच. लूपमध्ये ०, १, २, ३ पाठवले जातात आणि विरिडिसचे पहिले चार जवळजवळ सारखे रंग मिळतात. क्रमांकाला तीनने भागून पाठवा.

लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्या वाचकाला नकाशा कसा दिसेल ते कलरस्पेशस या लायब्ररीने बघता येतं. कोड नको असेल तर गिंप या चित्रसंपादकात प्रतिमा उघडून डिस्प्ले फिल्टरमधला रंगदृष्टीचा पर्याय लावा. आपले रंग या परीक्षेत टिकतात. धोका असतो तो ‘चांगलं हिरवं, वाईट लाल’ अशा जोड्यांत.

## सलग कलरमॅप हवा असेल तर

‘लिनियरसेगमेंटेडकलरमॅप’चं ‘फ्रॉम लिस्ट’ वापरा आणि प्रत्येक रंगाबरोबर त्याची जागा द्या. जागा म्हणजे आकडा भागिले पूर्ण पल्ला. ० ते २५० मिमी धरलं तर ६४.५ ची जागा ०.२५८, ११५.६ ची ०.४६२४ आणि २०४.५ ची ०.८१८. पहिली जागा ० आणि शेवटची १ असलीच पाहिजे.

या जागा तेव्हाच खऱ्या, जेव्हा नॉर्मची हद्द ० ते २५० अशी पक्की ठोकलेली असते. ती मोकळी सोडलीत तर १२० मिमीच्या दिवशी ०.२५८ म्हणजे ३१ मिमी होतो. म्हणून हद्दीसकट नॉर्म कलरमॅपच्या शेजारीच, त्याच फाइलमध्ये लिहून ठेवा.

दोन रंगांच्या मधली वाट हीसुद्धा बघण्याची गोष्ट आहे. फ्रॉम लिस्ट लाल, हिरवा, निळा हे घटक वेगवेगळे सरळ रेषेत मिसळतं. शुद्ध निळा आणि शुद्ध पिवळा यांच्या बरोबर मध्ये तिन्ही घटक अर्धे-अर्धे येतात, म्हणजे मातकट राखाडी. नोंद नसलेल्या जागेला ठेवलेल्या राखाडीशी त्याची सहज गल्लत होते. मधे हिरवट-निळा खांब रोवा, किंवा रंग आधी लॅबमध्ये नेऊन तिथे मधले आकडे काढा, परत आणा आणि २५६ जणांचा लिस्टेडकलरमॅप करा. परत आणताना काही घटक ० ते १ च्या बाहेर जातील, ते कापावे लागतात. कापल्यावर उजळपणाची तपासणी पुन्हा करा, कारण गडबड नेमकी तिथे होते.

## तफावतीचा नकाशा

सरासरीच्या तुलनेत पाऊस किती टक्के कमी-जास्त, यासाठी हवामान विभागाचे टप्पे असे: −१९ ते १९ सामान्य, २० ते ५९ जास्त, ६० आणि वर खूप जास्त, −२० ते −५९ तूट, −६० ते −९९ मोठी तूट, −१०० म्हणजे पाऊसच नाही. सीमा −५९.५, −१९.५, १९.५, ५९.५ अशा ठेवल्या की वरची सगळी पद्धत जशीच्या तशी चालते. रंग मध्ये फिके, तुटीकडे तपकिरी, जास्तीकडे हिरवट-निळे. खात्याच्या स्वतःच्या नकाशात तूट लाल आणि मोठी तूट पिवळी असते. रोज बघणाऱ्याला ती सवय आहे, पण नवखा माणूस लाल म्हणजे सर्वांत वाईट असंच वाचतो. स्वतःचा नकाशा करताना मोठी तूट सर्वांत गडद ठेवा.

सलग हवं असेल तर ‘टूस्लोपनॉर्म’ शून्य मध्यावर पक्का करतो. पण तूट −१०० च्या खाली जात नाही आणि जास्तीचा आकडा ४०० वर जाऊ शकतो, म्हणून दोन बाजूंचा चढ वेगळा होतो. ५० टक्के तूट अर्ध्या वाटेवर दिसते, ५० टक्के जास्ती जेमतेम आठव्या हिश्शावर. विदर्भ आणि कोकण यांची तुलना करणाऱ्याला हे फसवतं. ‘सेंटर्डनॉर्म’ घ्या, दोन्हीकडे १०० ची हद्द ठेवा आणि वरचं ‘ओव्हर’मध्ये जाऊ द्या.

## फाइल काढताना

पीएनजी काढा, ३०० डीपीआयला. जेपीईजी रंगांच्या कडा पुसट करतो आणि टप्प्यांच्या सीमेवर यादीत नसलेले रंग तयार होतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलात तरी हेच होतं. डॉक्युमेंट म्हणून जोडा. पीडीएफमध्ये पीकलरमेशच्या चौकटींमधून बारीक पांढऱ्या रेघा दिसल्या तर ‘रास्टराइज्ड’ चालू करा. त्याने फक्त रंगांचा भाग प्रतिमा होतो, अक्षरं आणि जिल्ह्यांच्या सीमा धारदार राहतात.